रक्ताची गुठळी 'विरघळते' की 'उसवते'?

मंडळी, एक शब्द डोक्यात अडकलाय. मागे आई जिन्यात घसरली, पाय प्लास्टरमध्ये, मग पोटरी सुजून टम्म झाली आणि सोनोग्राफीत शिरेत गुठळी निघाली. डॉक्टरांनी 'रक्त पातळ करायच्या' गोळ्या दिल्या तर आईने सरळ विचारलं, याने गुठळी विरघळेल ना? ते म्हणाले, नाही हो काकू, गोळी फक्त ती वाढू देत नाही, काढायचं काम तुमचं शरीरच करणार. तेव्हापासून मला 'विरघळणे' खटकतंय, आणि 'पातळ' त्याहून जास्त, कारण या गोळ्यांनी रक्त काही ताकासारखं पातळ होत नाही.

जमण्यासाठी आपल्याकडे शब्द आहेत, रक्त साकळतं, गोठतं, गुठळी धरते. उलट्या दिशेला काय?

गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं, त्यात रक्तपेशी अडकलेल्या. यकृतात तयार होणारं प्लास्मिनोजेन हे प्रथिन त्या जाळ्यात आधीच शिरून बसलेलं असतं पण झोपलेलं, मग रक्तवाहिनीच्या अस्तरातून टीपीए नावाचं दुसरं प्रथिन सुटतं, तेही त्याच धाग्यावर येऊन बसतं आणि प्लास्मिनोजेनला जागं करतं, त्याचं प्लास्मिन होतं आणि ते धागे कापायला लागतं. साखर पाण्यात जाते तसं यात काहीच नाही. लक्ष्मी रोडचा टेलर ब्लाउजची टीप ब्लेडने एकेक टाका कापत उसवतो ना, अगदी तसं. आणि खाली दोऱ्याचे तुकडे पडतात तसे या जाळ्याचे तुकडे रक्तात येतात, डी-डायमर टेस्टमध्ये मोजतात ते हेच. म्हणून माझं मत 'उसवणे'.

प्रतिसाद १: मी लॅबमध्ये काम करते. शब्द आवडला, पण 'शिवण उसवली' म्हटलं की आपोआप गेली असं वाटतं, इथे तर कडक पहारा असतो. प्लास्मिन धागा सोडून रक्तात आलं की अँटीप्लास्मिन त्याला लगेच धरतं, टीपीएला आवरायला पीएआय-१ असतं, नाहीतर जखम भरायच्या आत सगळं सुटलं असतं. पाळीत जास्त जातं तेव्हा ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड देतात, त्याला सगळे 'रक्त गोठवायची गोळी' म्हणतात, तेही चूक, ती प्लास्मिनोजेनला धाग्यावर बसूच देत नाही, म्हणजे गोठवत नाही, उसवू देत नाही!

मूळ लेखक: ताई, पटलं. मग 'उसवून काढणे' म्हणू, त्यात मुद्दाम केल्याचा अर्थ येतो.

प्रतिसाद २: आणि मेंदूत गुठळी अडकून स्ट्रोक येतो तेव्हा साडेचार तासांच्या आत इंजेक्शन देतात ते?

मूळ लेखक: ते टीपीएच, बाहेरून दिलेलं, आणि मोठ्या डोसमध्ये म्हणून रक्तस्रावाची भीती असते. 'गुठळी उसवायचं इंजेक्शन' म्हणून बघा मोठ्याने, माझ्या कानाला तरी बरं वाटतंय.