आधी नॉकिंग आहे का ते बघा

तुम्ही लिहिलंय की चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो आणि पाय सैल केला की थांबतो. वरच्या उत्तरांत दोघातिघांनी थेट इंजिन उघडायला सांगितलंय, पण एवढी घाई नको. पेट्रोल गाडीत हे वर्णन नॉकिंगशी जुळतं. ठिणगी पडल्यावर जे मिश्रण अजून जळायचं असतं ते दाबाने-उष्णतेने आपणहून पेटतं, त्याचा हा खणखणाट. त्याच वेगाला एक गिअर खाली टाकून बघा. आवाज गेला तर संशय बळावतो, कारण कमी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि जास्त भार असला की नॉकिंग हमखास डोकं वर काढतं. मग पुढच्या वेळी जास्त ऑक्टेनचं, म्हणजे आपणहून सहज न पेटणारं पेट्रोल भरा. तरी फरक नाही? मग इंजिनात साचलेला कार्बन, इंजिनाचं तापमान आणि नॉक सेन्सर (नॉकिंग ओळखणारा) तपासून घ्या.

न्यूट्रलमध्ये रेस करूनही खडखडलं तर एक्झॉस्टवरचं उष्णता अडवणारं पत्र्याचं हीट शील्ड हलवून बघा (थंड असताना!). माझ्या गाडीत तिथला एक ढिला बोल्ट निघाला, आणि मी महिनाभर पिस्टनच्या काळजीत.

मात्र आवाज खोल ठोक्यासारखा असेल आणि ऑइलचा दिवाही लागत असेल, तर इंजिन लगेच बंद करा आणि गाडी टो करूनच न्या.