आपली बिअर कॅनमध्ये भरून पुण्या-गोव्याला पाठवावी का?

रंकाळाकाठ (धागा सुरू करणारे)

कोल्हापूर शहराबाहेरच्या आपल्या ब्रुअरीचे नाव येथे लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही करायची आहे. ज्यांनी तिथल्या लाकडी बाकांवर शनिवार घालवले आहेत त्यांना ते सांगावेही लागणार नाही. गेल्या आठवड्यात तिथल्या खडूच्या फळ्यावर दोन ओळी उमटल्या. काकवी घालून केलेली पावसाळी स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर, नळावर आली आहे, ही पहिली. दिवाळीनंतर टाक्या दुप्पट होणार असून बिअर कॅनमध्ये भरून पुण्याला आणि गोव्याला जाणार आहे, ही दुसरी. पहिली ओळ वाचून मी ग्लास मागवला आणि दुसरी वाचून तो निम्मा तसाच राहिला.

माझे म्हणणे असे की, ही बिअर टाकीपासून वीस पावलांवर प्यायली जाते यातच तिचे अर्धे मोल आहे. त्यांच्या गढूळ आयपीए या कडसर बिअरला पिकलेल्या पेरूचा आणि संत्र्याच्या सालीचा जो वास येतो तो हॉप्स या कडू फुलांच्या तेलांचा असतो, आणि हवा व उष्णता लागली की ही तेले टिकत नाहीत. मागच्या मे महिन्यात त्यांनी चाचणी म्हणून थोडे कॅन बाजारात दिले होते. त्यातला एक मी शहरातल्या एका दुकानातून आणला. दुकानदाराने तो फ्रिजमधून नव्हे, तर खिडकीजवळच्या फळीवरून काढून दिला. ग्लासात ओतला तेव्हा आमरसासारखा पिवळा रंग जाऊन शिळ्या चहाचा रंग आला होता आणि वास येत होता तो भिजलेल्या पुठ्ठ्याचा. मुंबईच्या पाहुण्यांना ‘ही आमच्या गावची’ म्हणून मी नेमका तोच दिला. त्यांनी सभ्यपणे दोन घोट घेतले आणि पाणी मागितले.

बेल्जियममध्ये वेस्टव्लेटेरेन येथे साधूंचा मठ आहे. २००५ मध्ये त्यांची बिअर जगात सर्वोत्तम ठरली आणि मठाच्या दारात गाड्यांची रांग लागली, तरीही त्यांनी मागणीमागे धावून उत्पादन वाढवले नाही. ज्याला हवी त्याने यावे आणि ठरलेला क्रेट घेऊन जावे, इतकाच तेव्हा नियम होता. आपल्याकडेही पुण्याची माणसे आधी अंबाबाईचे दर्शन घेतात, मग मटणासाठी थांबतात; बिअरसाठीही थांबतील.

शाहूपुरी पेठ

रंकाळाकाठ, पाहुण्यांपुढे झालेली फजिती समजू शकतो, पण मठातल्या साधूंना बँकेचा हप्ता नसतो.

हिशेब मांडून पाहावा. एक हजार लिटरची एक टाकी धरली तर तिच्यातून ३३० मिलिलिटरचे साधारण तीन हजार ग्लास निघतात. एल प्रकारची बिअर तीन आठवड्यांत टाकी मोकळी करते, म्हणजे वर्षाला सतरा वेळा ती भरता येते. लागर हा दुसरा प्रकार मात्र सहा आठवडे थंडाव्यात पडून राहतो, म्हणजे आठच वेळा. चार टाक्यांतून सगळी एलच काढली तरी वर्षाला दोन लाख ग्लास होतात. हे ग्लास कोल्हापुरात रिचवायचे कोणी? शनिवार-रविवारी बाकावर जागा मिळत नाही हे खरे, पण मंगळवारी संध्याकाळी मी तिथे गेलो आहे आणि माझ्याखेरीज तिथे दोन वेटर आणि एक मांजर होते. गटारी झाली की श्रावण लागतो, मग गणपती, मग नवरात्र. या दिवसांत जिथे मटणाच्या दुकानांसमोरची गर्दी ओसरते तिथे बिअरचे काय होणार? ग्राहक नसला तरी टाकी थंड ठेवावीच लागते आणि तिचे वीजबिल श्रावण पाळत नाही.

बाहेरच्या विक्रीशिवाय ही ब्रुअरी पाच वर्षे टिकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि मग तुमची ताजी आयपीएही मिळणार नाही. अँकर ही सॅन फ्रान्सिस्कोची ब्रुअरी अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरची आजी मानली जाते. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी ती बुडता बुडता वाचवली. २०१७ मध्ये ती सप्पोरो या जपानी कंपनीकडे गेली आणि २०२३ मध्ये बंद पडली. नाव मोठे असले म्हणून चूल पेटत नाही.

गुऱ्हाळघर

तुम्हा दोघांचा वाद कॅनमध्ये बिअर टिकेल की नाही यावर चालला आहे. माझा आक्षेप कॅनवर छापल्या जाणाऱ्या मजकुराला आहे.

आमच्या घरी तीन पिढ्यांचे गुऱ्हाळ आहे. चुलवाणावरची काहील, भेंडीच्या पाण्याने वर येणारी मळी, गुळव्याने पाण्यात थेंब टाकून पाहिलेला पाक, हे सगळे बघत मी मोठी झाले. त्यामुळे ‘काकवीची स्टाउट’ हे शब्द वाचून मी खास गेले. बिअर चांगली होती, पण तिच्यात काकवी शोधावी लागत होती. यात करणाऱ्याचा दोष नाही. बार्लीच्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, उतरलेल्या साखरेपैकी साधारण तीन चतुर्थांश यीस्ट खाते आणि उरलेल्या भागामुळे बिअरला अंग येते. गुळातली साखर मात्र यीस्ट जवळजवळ सगळीच फस्त करते. गोडवा जातो, अल्कोहोल वाढते आणि बिअर पातळ, कोरडी होते. मागे राहते ती थोडी करपूस छटा आणि किंचित खारटपणा. तोही चांगला लागतो, पण ज्याने शेतावर बसून गरम काकवी खाल्ली आहे त्यालाच तो ओळखू येईल.

टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीतच नळावरून बिअर देतात तिथे, हे विचारता येते आणि तिथला मुलगा समजावूनही सांगतो. गोव्यातल्या फ्रिजमध्ये कॅन बोलणार नाही. त्याच्यावर उसाचे चित्र आणि ‘कोल्हापुरी गूळ’ ही दोन अक्षरे असतील, आणि पिणारा म्हणेल की यात गूळ कुठे आहे? कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नावाला जपावे लागते. नाही जपले तर काय होते ते ‘व्हेज कोल्हापुरी’ने दाखवून दिले आहे. सबंध देशाच्या मेन्यूकार्डावर आपल्या गावाचे नाव लागलेली ती भाजी माझ्या आजीला कधी भेटलीच नाही.

शीतसाखळी

मी दुधाच्या धंद्यात आहे आणि माझे रोजचे काम गार ठेवण्याचे आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. रंकाळाकाठ यांना मिळालेला कॅन खराब होता. कॅन ही कल्पना खराब नव्हती. हे दोन मुद्दे वेगळे ठेवावेत.

कॅनमध्ये उजेड शिरत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात राहिली की हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाशाची क्रिया होऊन तिला एक उग्र दर्प येतो. कॅनला ते भय नाही. भय आहे ते भरताना आत राहिलेल्या प्राणवायूचे, आणि तो इतका थोडाही बाधतो की चांगल्या ब्रुअरीत अब्जांशांत मोजतात. दुसरे भय उष्णतेचे. ढोबळ हिशेबाने, तापमान दहा अंशांनी चढले की बिअर शिळी होण्याचा वेग दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. फ्रिजमध्ये चार अंश आणि आपल्याकडे मे महिन्यात दुकानाच्या फळीवर चौतीस, म्हणजे दहाच्या तीन पायऱ्या, म्हणजे निदान आठपट. फळीवरचा एक आठवडा फ्रिजमधल्या दोन महिन्यांएवढा झाला. पुठ्ठ्याचा वास येणारच.

आपल्या जिल्ह्यातले दूध रोज मुंबई-पुण्याला गार पोहोचते. तेव्हा रस्ता अवघड नाही. अवघड आहे ते शेवटचे दुकान. दूध दुसऱ्या दिवशी संपते म्हणून दुकानदार त्याला जपतो. बिअरवर सहा महिन्यांची मुदत छापलेली दिसली की तो ती जमिनीवर रचून ठेवतो. म्हणून माझी अट एकच राहील. ज्या दुकानात फ्रिजची फळी राखून ठेवली असेल तिथेच माल द्यावा आणि कॅनच्या तळाशी ‘भरल्याची तारीख’ ठळक असावी.

आणि जाता जाता एक कडू गोष्ट. टॅपरूममधली बिअर ताजीच असते हा भ्रम आहे. केगपासून, म्हणजे बिअरच्या पिंपापासून, नळापर्यंतच्या नळ्या दर पंधरवड्याला धुवाव्या लागतात. गेल्या महिन्यात याच फळ्याखाली बसून मी घेतलेल्या लागरला लोण्याचा वास होता, आणि तो न धुतलेल्या नळीत वाढलेल्या जिवाणूंचा असू शकतो. वीस पावलांतही बिअर बिघडते.

पन्हाळा रोड

पाण्याचे काय? एक लिटर बिअरला सगळे धुणेपुसणे धरून चार ते सात लिटर पाणी लागते असे वाचले आहे. टाक्या दुप्पट, तर पाणी दुप्पट आणि सांडपाणीही दुप्पट. पंचगंगेची अवस्था आपण रोज पाहतो.

शीतसाखळी

रास्त प्रश्न आहे आणि विस्ताराला परवानगी देणाऱ्यांनी तो विचारलाच पाहिजे. माल्टचा चोथा मात्र वाया जात नाही. शंभर लिटर बिअरमागे साधारण वीस किलो ओला चोथा निघतो आणि तो म्हशींना उत्तम चालतो. फक्त दोन दिवसांच्या आत खाऊ घालावा लागतो, नाहीतर आंबतो. आपल्या जिल्ह्यात गोठ्यांची वाण नाही.

रंकाळाकाठ

नळीचा मुद्दा मला लागला, कारण तो लोण्याचा वास मलाही आला होता आणि मी तो ‘वेगळी चव’ म्हणून कौतुकाने प्यायलो होतो. तेवढी हार मान्य करतो.

पण शाहूपुरी पेठ यांनी वाढणे म्हणजे कॅनच असे धरले आहे, ते मला पटत नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि पुढे मुंबईत एकेक टॅपरूम काढत वाढली. कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर या ब्रुअरीने २०१८ मध्ये विंडसरला दुसरी मोठी ब्रुअरी उभारली, तरी त्यांची ‘प्लायनी द यंगर’ प्यायला लोक अजूनही वर्षातून एकदा त्यांच्याच दारात रांग लावतात. सांगलीत स्वतःचा नळ का नको? गोवा हे परराज्य आहे, हेही ध्यानात घ्यावे. प्रत्येक राज्याचे अबकारी खाते वेगळे आणि लेबलाची नोंदणीही वेगळी. ‘बिरा’ या बिअरच्या कंपनीच्या नावातून ‘प्रायव्हेट’ हा एक शब्द गळाला, तर राज्याराज्यांत नव्याने नोंदणी करावी लागून काही महिने विक्री अडून राहिली होती. ती मोठी कंपनी. आपल्या चार टाक्यांना असा एक हंगामही झेपणार नाही.

कॅन काढायचेच असतील तर स्टाउट आणि लागर काढावी. आयपीए गावाबाहेर जाऊ नये.

शाहूपुरी पेठ

सांगलीत नळ काढायचा तर तिथेही तोच श्रावण आहे! आणि पुण्यातला ग्राहक कॅन उचलतो तो आयपीएचाच. स्टाउट पावसाळ्यात चार जण पितात, त्यांतले तीन या धाग्यावर आहेत. जे विकते ते पाठवायचे नाही आणि जे विकत नाही ते पाठवायचे, हा व्यापार माझ्या पेठेत कोणी केलेला नाही.

गुऱ्हाळघर

चौथी मी. मात्र लेबलावर ‘काकवी’ छापायचे असेल तर ती कोणत्या गावच्या गुऱ्हाळाची आणि किती किलो, हेही छापावे. तेवढे केले तर माझा विरोध मागे घेईन.

शीतसाखळी

चाचणीच्या त्याच बॅचचे दोन कॅन माझ्याकडे आहेत. एक पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये आहे आणि दुसरा जिन्याखालच्या कपाटात. येत्या रविवारी अकरा वाजता माझ्याकडे यावे. कोणता कुठला ते न सांगता माझी बायको ओतेल आणि आपण चौघे न पाहता चाखू. शाहूपुरी पेठ यांना फरक कळला नाही तर मी कॅनच्या बाजूने मत देईन. तांबडा-पांढरा नंतर आहे, आधी मागू नये. तांबड्याने जीभ पोळल्यावर पुठ्ठा काय आणि पेरू काय, दोन्ही सारखेच लागतील.