पुण्या-मुंबईत स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडला गिग कसा मिळतो?

प्रश्न: चार जणांचा बँड, गाणी सगळी स्वतःची, मराठी. व्हेन्यूला मेल टाकले तर उत्तरच येत नाही. नेमकं काय पाठवायचं?

ड्रमवाला: प्रोग्रामिंग (कुठल्या दिवशी कोण वाजवणार ते) बघणाऱ्या माणसालाच लिहा, सहा-आठ आठवडे आधी. एक लाइव्ह व्हिडिओची लिंक (स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवरून स्टेजवरचं काही कळत नाही), सेटची (सलग वाजवायच्या गाण्यांची) मिनिटं, आणि किती तिकिटं खपतील याचा खरा आकडा. शनिवार मागू नका. मंगळवार-बुधवार मागा, नाहीतर ओळखीच्या बँडआधी ३० मिनिटं.

साउंडवाला: सोबत एका पानाचा टेक रायडर, म्हणजे साउंडच्या गरजांची यादी: इनपुट लिस्ट (कुठली वाद्यं, किती माइक), स्टेज प्लॅन, मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) किती. कीबोर्ड स्टिरिओ असेल तर डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडायचा डबा) दोन लिहा, हमखास तिथेच गोंधळ होतो. जागा उघड्यावर असेल तर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद. त्यामुळे साउंडचेक लांबला की सेट कापला जातो.

हिशेबनीस: गेटचे पैसे वाटून घेणार असाल तर टक्केवारी कशावर, ते आधी लेखी घ्या. एकूण विक्रीवर, की जीएसटी, ॲपचं कमिशन, साउंडचा खर्च वजा करून? बँडला ७०, व्हेन्यूला ३० टक्के ऐकायला छान. पण २०,००० तून ८,००० आधीच गेले तर हातात ८,४००.