सवलतीपेक्षा उंची महत्त्वाची
गेल्या हंगामातील टर्बो स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) सवलतीत मिळत असल्याने ती घ्यावी की टर्बो नसलेली साधी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा निर्णय किमतीवर नव्हे, तर आपण किती उंचीवर फिरणार यावर ठरावा. दर 300 मीटरला हवा विरळ होऊन साध्या इंजिनाची सुमारे 3 टक्के ताकद घटते, म्हणजे 3000 मीटरवर जवळपास 30 टक्के, आणि इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा टर्बो नेमकी हीच तूट भरून काढतो. सखल, आखीव वाटांवरच फिरायचे असेल, तर जास्तीचे वजन आणि वाढीव देखभाल कशाला ओढवून घ्यावी? घेणारच असाल, तर वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू होते ते लेखी घ्या आणि झाकण उघडून इंजिनाची ताकद पुढे पोहोचवणारा क्लचचा पट्टा स्वतः पाहा. त्याच्या कडा झिजून चकाकत असतील, तर ते यंत्र आधी बरेच पळवलेले असू शकते.