मदत हवी आहे : पूर्ण फॉरमॅट अर्ध्यावर थांबतो, दोष डिस्कचा की केसचा?

नमस्कार. जुन्या डेस्कटॉपमधून काढलेली १ टीबीची हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये बसवून बॅकअपसाठी वापरण्याचा विचार आहे. परंतु विंडोज १० मध्ये ती फॉरमॅट करताना अडचण येत आहे. क्विक फॉरमॅट निमूटपणे पूर्ण होतो, आणि त्यात नवल नाही, कारण त्यात फाइलींची नोंद तेवढी नव्याने मांडली जाते, बाकीच्या सेक्टरांना (डिस्कवरील साठवणीच्या लहान तुकड्यांना) हातही लागत नाही. पूर्ण फॉरमॅट मात्र अर्ध्याच्या पुढे गेल्यावर रेंगाळतो आणि अखेरीस ‘फॉरमॅट पूर्ण करता आला नाही’ एवढाच मोघम संदेश देऊन थांबतो. विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनातील ‘क्लीन’ आज्ञेने जुनी विभागणी पुसून जीपीटी या विभागणीच्या पद्धतीने नवे पार्टिशन केले, तरी गाडी तिथेच अडते.

डिस्कची प्रकृती तपासणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम पिवळ्या रंगात ‘कॉशन’ (सावधान) दाखवतो. त्याच्या यादीतील सी५, म्हणजे नीट वाचता न आल्याने निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर, २४ आहेत. खराब ठरल्याने राखीव सेक्टरांनी बदललेल्या सेक्टरांचा ०५ हा आकडा अजून शून्य आहे. सी७ मधील सीआरसी त्रुटीही (डिस्क आणि संगणक यांच्यात माहिती जाता-येता होणाऱ्या चुका) बऱ्याच दिसतात, पण तो आकडा कधी उतरत नसल्यामुळे तो जुन्या डेस्कटॉपमध्ये डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा वारसाही असू शकतो.

डिस्कमधील माहिती आधीच दुसरीकडे उतरवून घेतली आहे, त्यामुळे पुसण्याची भीती नाही. आता डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडून ‘क्लीन ऑल’ने सर्वत्र शून्ये लिहावीत काय? त्यानंतर सी५ शून्यावर आला आणि ०५ वाढला नाही, तर अशी डिस्क बॅकअपसाठी विश्वासार्ह मानावी, की केवळ दुय्यम प्रतीसाठी ठेवावी? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.