मदत हवी आहे: स्वीडिश 'डोमहेर्रे' या पक्ष्याच्या नावातला 'डोम' कोणता?

प्रश्न: लाल छाती, काळी टोपी, आखूड जाड चोच, शास्त्रीय नाव पिऱ्हुला पिऱ्हुला. स्वीडिशमध्ये 'डोमहेर्रे'. (उच्चार सोडा, अक्षरांवरून लिहिलंय.) 'हेर्रे' म्हणजे धनी, साहेब हे कळलं. कोशात 'डोम'चा पहिला अर्थ 'न्यायनिवाडा' दिसतो. मग हा न्यायाधीश पक्षी झाला का? की आपल्या डोमकावळ्याशी काही नातं?

उत्तर १: दोन्ही नाही. फोड करायला गेलात तिथेच गाडी घसरली. हा शब्द तयारच जर्मनमधून आलाय: 'डोमहेर', म्हणजे कॅथेड्रलच्या (बिशपच्या मुख्य चर्चच्या) धर्ममंडळातला मानकरी पाद्री. गुबगुबीत अंग, तांबडा झगा, काळी टोपी, त्यावरून ही थट्टा. जर्मन लोक या पक्ष्याला 'डोमफाफ' म्हणतात, डॅनिश-नॉर्वेजियन 'डोमपाप'. 'फाफ' आणि 'पाप' दोन्ही पाद्रीच. नाव शोभतं मात्र फक्त नराला, मादीची छाती करडी-तपकिरी असते.

स्वीडिशमध्ये एकाच स्पेलिंगचे दोन 'डोम' आहेत. जोडशब्दांची सोबत बघा: 'डोमशिर्का' (कॅथेड्रल), 'डोमप्रोस्ट' (तिथला मुख्य पाद्री) हे एका घरचे, 'डोमारे' (न्यायाधीश), 'डोमस्तोल' (न्यायालय) दुसऱ्या. आपला पक्षी पहिल्या घरचा.

उत्तर २: पडताळायचं असेल तर स्वीडिश अकादमीच्या कोशांचं मोफत संकेतस्थळ उघडा. तिथल्या तीन कोशांपैकी 2023 मध्ये पूर्ण झालेला मोठा ऐतिहासिक कोश घ्या. नोंदीत माणूस आणि पक्षी हे अर्थ वेगळे वाचा. अर्थापुढचं साल म्हणजे सापडलेला सर्वांत जुना लेखी दाखला, शब्दाचा जन्म नव्हे. मग एलोफ हेल्क्विस्ट यांचा 1922 चा व्युत्पत्तिकोश. तोही रूनेबर्ग प्रकल्प या जुन्या नॉर्डिक पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट आहे. त्यात 'टीवाय' म्हणजे जर्मन, 'एफएसव्ही' म्हणजे जुनी स्वीडिश. नवखे हमखास चुकतात ते 'जेएफआर'पाशी: त्याचा अर्थ 'तुलना करा' एवढाच, 'यावरून आला' असा नाही. शेजारी दिलेला शब्द मूळ समजून उतरवलात की अख्खं टिपण चुकतं. आणि å, ä, ö या जादा स्वरांचे शब्द 'झेड'नंतर शोधा, साध्या a-o खाली नाही.

प्रश्नकर्ता: म्हणजे डोमकावळा बाद?

उत्तर १: बाद. पण कॅथेड्रलचा 'डोम' लॅटिन 'डोमुस'वरून, म्हणजे घर. त्याचा सख्खा भाऊबंद वेदातला 'दम', अर्थ घरच. 'दंपती'मधला 'दं' तोच.