प्रति: ऊरपटावरचे बारा खडे

वर कुणीतरी विचारलंय की बायबलमधल्या अहरोन या मुख्य याजकाच्या (पुरोहिताच्या) ऊरपटावरचे, म्हणजे छातीवरच्या कापडी पट्ट्यावरचे, बारा खडे म्हणजे आपल्या नवरत्नांसारखे ग्रहांचे खडे का? मला तसं वाटत नाही. बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकाचा 28वा अध्याय सावकाश वाचा. वीतभर लांब, वीतभर रुंद, दुहेरी कापड; त्यावर तीन-तीन खड्यांच्या चार रांगा, आणि प्रत्येक खड्यावर मुद्रेसारखं कोरलेलं इस्राएलच्या एकेका वंशाचं नाव. खड्याच्या गुणाबद्दल तिथे अवाक्षर नाही. याजक पवित्रस्थानात जाताना ती नावं हृदयावर घेऊन जातो, सगळा अर्थ त्यात आहे. खांद्यांवर आणखी दोन खडे, त्यांवर सहा-सहा नावं, जन्माच्या क्रमाने. म्हणजे लोकांचा भार खांद्यावरही आणि काळजाशीही. मला हे फार हलवून जातं.

या बारांतल्या नीलमणीबद्दल एक सांगायचंच आहे. बायबलच्याच ‘ईयोब’ पुस्तकात (28:6) त्याच्याजवळच सोन्याच्या धुळीचा उल्लेख येतो. आजच्या नीलमात असे कण नसतात. लाजवर्द हा निळा दगड हातात घेऊन उन्हात फिरवा, गडद निळ्यात पायराइट या खनिजाचे सोनेरी ठिपके चमकतात. म्हणून बरेच अभ्यासक मूळ हिब्रू ‘सप्पीर’ म्हणजे लाजवर्दच मानतात. निर्गम 24:10 मधली देवाच्या पायाखालची सप्पीरची निळी फरसबंदी मग चांदण्यांनी भरलेल्या आभाळासारखी दिसू लागते.